पहिले गोळी, मंग भाकर

आमच्या पारोळ्याकडे हिवाळा म्हणजे भरिताच्या पार्ट्या, आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेतातल्या पार्टीला न बोलावताही माणसं यायची. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या हात न आखडता घालायच्या. आबांना ॲसिडिटीचा जुना त्रास. फार पूर्वी एका डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरती दिलेली गोळी त्यांनी पुढे कधी सोडलीच नाही. मेडिकलवरून आपली आपण आणत राहिले. बरं, स्वतःपुरती ठेवतील तर ते आबा कसले? पंगत बसली की बडीशेप वाटावी तशी ते ती सगळ्यांच्या हातावर ठेवत. "पहिले गोळी, मंग भाकर." आम्ही हसत गिळायचो. मायही, मीही. पुढे घरात ती रोजचीच झाली.

मग आबांचे पाय सुजू लागले, जेवण जाईना. जळगावच्या डॉक्टरांनी रोजची औषधं विचारली, तर आबांनी फक्त ब्लडप्रेशरचं सांगितलं. त्या गोळीचं मी सांगितलं तेव्हा माझ्यावरच चिडले.

"ती काय दवाई शे का?"

तपासणीत आबांच्या किडन्या जवळजवळ निकामी निघाल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले की गोळी वाईट नाही, पण न विचारता वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या किडनीला आतून सूज येते. दुखत-खुपत नाही, म्हणून उशिरा कळतं. यात ब्लडप्रेशरचाही हात असेल, असंही ते म्हणाले. ते आबांनी ऐकलंच नाही.

डायलिसिस सुरू झालं. सुई टोचताना हूं की चूं न करणारा माणूस परतीच्या गाडीत रडला.

"मी ती बठ्ठासले, सगळासले वाटी."

तेव्हापासून एकच घोशा, ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्यांनी तपासून घ्या. काही जण गेले, बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. मायचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा आबांनी देवापुढे साखर ठेवली. यंदा शेतात वांगी भाजली नाहीत. मला फार राग येतो, आणि तो काढायला कुणी सापडत नाही. त्यांनी तर मायेनेच दिली होती.

परवा डायलिसिसच्या खाटेवरून त्यांनी माझा हात धरला.

"आन् तुन्हा रिपोर्ट?"

"चांगला शे, आबा."

त्यांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांना स्वस्थ झोप लागली.

मला डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं आहे. मायलाही मी ते सांगितलेलं नाही.