परत दिलेला भंडारा

साहेबांचं एक वाक्य मी वर्षभर शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहीत होते. ‘न्याय मागं बघतो, समेट पुढं बघतो.’ कोपऱ्यात त्यांचं नाव लिहायचे, खाली रंगीत खडूनं रेघ ओढायचे. आज आठवलं की वाटतं, तो खडू कुणीतरी माझ्या हातातून हिसकावून घ्यायला हवा होता.

आमचं घर माण तालुक्यातलं, मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की आई आणि माझा थोरला भाऊ, दादा, कळप घेऊन पलूसकडं उतरायचे आणि पाऊस लागला की परत. मी तेवढी शिकले आणि उंब्रजला मास्तरीण झाले. त्या साली चार मेंढरं एका बागाईतदाराच्या हरभऱ्यात शिरली. दादा ती हुसकायला गेला, तर बागाईतदाराच्या थोरल्या पोरानं स्प्रिंकलरचा पाईप उपसून दादाच्या डोक्यात घातला. एकदा नव्हे, तीनदा. पालापाशी उभ्या आईनं एकटीनं ते पाहिलं. दादा वाचला, पण त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आता तो फक्त ‘हां’ म्हणतो. भूक लागली तरी हां, दुखलं तरी हां.

केस झाली. आमच्या जातीची दीड-दोनशे माणसं काठ्या घेऊन पलूसच्या रस्त्यावर बसली, समोरून त्यांचीही आली. दोन दिवसांत नक्कीच मुडदे पडले असते. तेव्हा साहेब आले. मंत्रिपद कधीच सुटलं होतं, पण दोन्ही जिल्ह्यांत कुठंही भांडण पेटलं की लोक त्यांचीच वाट बघायचे. बिरोबाच्या देवळात दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून म्हणाले, “नेता म्हणजे काय? दोघांनाही थोडं थोडं नाराज करून घरी पाठवणारा माणूस. मला शिव्या द्या, पण घरी जा.”

ठरलं ते असं. त्या पोरानं बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, उचलून शपथेवर सांगायचं की पुन्हा कुठल्याही मेंढक्याच्या अंगाला हात लावणार नाही. आणि आईनं भंडारा उचलून सांगायचं की कोर्टात तोंड उघडणार नाही. आई काही केल्या उठेना. मग साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, भाषणं ऐकणारी! मी तिच्या कानाशी लागून म्हणाले, “आये, उचल. साहेब म्हणतात ते बरोबर हाय. आणखी दहा घरं बुडतील.” तिनं डावा हात झोळीतून आणलेल्या दादाच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या हातानं साहेबांच्या तळव्यावरचा भंडारा उचलला. दोन्हीकडच्यांनी एका ताटात भाकरी मोडली. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, लाज वाटते सांगताना.

आईनं तो भंडारा कागदाच्या पुडीत बांधून पदराच्या गाठीला ठेवला. पुढची सहा वर्षं लुगडं बदललं की गाठ बदलायची, पुडी तीच.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली. त्याच पोरानं दुसऱ्या एका मेंढक्याला झाडाला बांधून मारलं, त्याचा हात गेला. पाठोपाठ आमच्या केसचं समन्स आलं. मी आईला म्हणाले, “त्यानं शब्द मोडला. आता तू बोल.”

“त्यानं मोडला म्हणून म्या मोडू व्हय?” ती म्हणाली. “पोराच्या डोक्यावर हात ठिवलाय ग. त्येला काय झालं म्हंजी?”

“अगं, आणखी काय व्हायचं राहिलंय त्याला?” मी तडकून बोलले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दादाच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

मग पदराची गाठ सोडून तिनं पुडी माझ्या हातात ठेवली. “ज्येंच्या हातातनं उचलला त्येंच्याच हातात परत दिऊन ये. त्येनी कपाळाला लावून घेतला तर म्या मोकळी. मंग बोलीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याला साहेबांच्या बंगल्यावर गेले. अर्ज घेतलेली माणसं व्हरांड्यात बसलेली. साहेब आता थकलेत, पण समेटावर त्यांची व्याख्यानं अजून होतात. माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. मी पुडी पुढं केली.

ते हसले. चेष्टेनं नव्हे, मायेनंच. “अहो बाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. हे लोकांना धरून ठेवायला असतं. मी कुठं मानतो? आईला सांगा, खुशाल साक्ष द्या.”

“मग तेव्हा का उचलायला लावलात?”

“तेव्हा रस्त्यावर किती काठ्या होत्या ते तुम्ही पाहिलंय. न्यायाची वाट बघत बसलो असतो तर किती मेले असते? मला तेवढंच दिसत होतं.”

माणसं मेली नाहीत हे खरंच आहे. पण माझ्या आईची सहा वर्षं दातखीळ बसवली ती ज्या वस्तूनं, ती या माणसाच्या लेखी नुसती हळद होती! माझं डोकं फिरलं. “साहेब, ज्याला पुढचं काही उरलंच नाही, त्यानं कुठं बघायचं?” असं मी विचारलं, पण तेवढ्यात त्यांना फोन आला. बोलता बोलता त्यांनी पुडी अर्जांच्या चळतीवर ठेवली. शिपायानं चहा आणला आणि कप नेमका तिच्यावर टेकवला. चहाच्या ओघळानं कागद भिजून पिवळा झाला. मी पुडी तिथंच सोडून तशीच उठून आले.

आई उंबऱ्यातच बसली होती. “घेतला का ग?”

“घेतला,” मी म्हणाले. “हात धुतले, पायातलं काढलं, कपाळाला लावला. म्हणाले, माऊली मोकळी झाली.”

तिनं डोळे मिटून हात जोडले. साहेबांना.

कोर्टात वकिलानं विचारलं, सहा वर्षं गप्प का बसलात. आई ताठ उभी राहून म्हणाली, “सायबांनी बांधलं व्हतं, सायबांनीच सोडवलं.” मग तीन फटके कुठं कुठं बसले ते तिनं स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. निकाल अजून लागायचाय.

यंदा पावसापासून दादाला खोकला धरलाय. औषध चालू आहे, डॉक्टर म्हणतात अंथरुणावरच्या माणसाचं असं होतं. पण तो खोकायला लागला की आई हातातलं काम टाकते. आधी त्याच्याकडं बघते, मग माझ्याकडं.

“सायबांनी कपाळाला लावला व्हता न्हवं ग?”

“लावला होता, आये.”

“तू बघितलास?”

“बघितला.”

दादा आतून म्हणतो, हां.