नानांच्या दहाव्याचा जोडा

आमच्या नानांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, आणि त्याचे कारण मी होतो.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचे दोघांवर प्रेम होते: त्यांच्या जुन्या मोटारीवर आणि तिच्या ड्रायव्हरवर, हसनभाईवर. माझ्यावरही माया होती. पण मी मोटारीपासून दोन हात लांब उभा असताना! मी शाळामास्तर. गाडीबरोबर आलेले जाडजूड इंग्रजी पुस्तक मी तीनदा वाचले होते (नानांनी एकदाही नाही). त्यातले वाचून मी एकदा गाडी दुरुस्त केली, तेव्हा ती बैल जुंपून घरी आणावी लागली. शेवटच्या दिवशी नानांनी हसनभाईला जवळ बोलावले. आम्हाला वाटले, काही निरवानिरव असेल. ते म्हणाले, "याला बॉनेटला हात लावू देऊ नको." आणि डोळे मिटले.

दहाव्याच्या सकाळी आम्ही कडावहून खोपोलीला निघालो. आमचे भटजी तिथले. सूर्य डोक्यावर यायच्या आत नदीवर पोचा, असा त्यांचा निरोप होता. मी एकुलता एक मुलगा. जन्मभर नानांच्या काही कामाला आलो नव्हतो; हे शेवटचे तरी माझ्या हातून नीट व्हावे, एवढेच मनात होते.

मागच्या बाकावर आत्या, नानांची धाकटी बहीण. बायका दहाव्याला नदीवर जात नाहीत; पण ती म्हणाली, "मी गाडीतून उतरणार नाही, पण येणार!" तिच्या मांडीवर पिंडाचे तांदूळ आणि तीळ. पिंडापुढे छत्री आणि जोडा ठेवायचा असतो, म्हणजे गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर ऊन आणि काटे लागत नाहीत. छत्रीला जागा मिळाली. नानांचा जोडा पाहून आत्या कडाडली.

"पिंडाच्या तांदळाशेजारी पायताण? विनू, तुला काही कळतं का रे?"

"मग कुठे ठेवू?"

"कुठेही ठेव. माझ्यापासून लांब!"

मी ठेवला. लांब, कोरड्या, सुरक्षित जागी.

कर्जत मागे पडले आणि वास सुटला. जळक्या रबराचा!

हसनभाईने गाडी थांबवली. चारही चाकांना हात लावून पाहिला. बॉनेट दोन्ही बाजूंनी उघडायचे; त्याची उजवी पाख उचलून पंख्याचा पट्टा पाहिला, वायरी पाहिल्या.

"इकडं कायच नाय, मास्तर. डाव्या अंगाचं उघडून बघतो."

"डावीकडे नुसता धुराचा नळ असतो," मी पुस्तकातले पान आठवून म्हणालो. "तिथे रबर नाहीच. वेळ घालवू नका."

हसनभाई बिचारा गप्प बसला. (माणूस इंग्रजी पुस्तकापुढे गप्प बसतो, हे आपल्या देशाचे दुर्दैव आहे.) आम्ही पळसदरीपर्यंत आलो. आता धूरही दिसू लागला.

"ब्रेक घासत असणार," मी म्हणालो. "सैल करायला हवेत."

"मास्तर, पयले चाकाखाली दगड लावतो, मंग..."

तो दगड आणायला वळला आणि मी हातब्रेक सोडला. पुस्तकात रस्ता सपाट होता. पळसदरीचा नव्हता! गाडी आत्यासकट उताराला लागली.

"नाना रे! मी इतक्यात येत नाही रे!" आतून आत्याचा आवाज आला.

मी अनवाणी मागे धावत होतो. सुतकात पायात काही घालायचे नसते. खडी टोचत होती आणि मनात येत होते, की बापाचे दहावे अजून व्हायचे आहे आणि मी आत्याच्या तयारीला लागलो!

गाडी भाताच्या बांधाला टेकून थांबली. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या ठाकरवाडीच्या बायका धावून आल्या. त्यांतल्या एका म्हातारीने मोळी खाली टाकली, गाडीभोवती एक फेरी घातली, नाक वर केले आणि डाव्या पाखीवर बोट ठेवले.

"हितं जळतंय, रं. तुमाला नाकं नाय का?"

हसनभाईने पाख उचलली. धुराच्या नळावर नानांचा जोडा शिजत होता.

"ह्यो हितं कुनी ठेवला?"

मी छत्रीकडे पाहिले.

"पण जोडा चामड्याचा आहे," मी म्हणालो. "वास रबराचा आहे!"

हसनभाईचा चेहरा पडला. "तळ टायरचा हाय, मास्तर. नानांच्या गाडीचा जुना टायर मीच चांभाराला दिलता. म्हटलं, त्यांचाच टायर, त्यांच्याच पायाला जाऊंदे."

बायकांनी गाडी ढकलून रस्त्यावर लावली.

नदीवर पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर यायला थोडाच वेळ होता. भटजींनी ते काळे, चिकटलेले गाठोडे दोन बोटांत धरले.

"हे काय?"

"जोडा."

"कुणाचा?"

"नानांचा."

त्यांनी तो निमूटपणे पिंडापुढे ठेवला. त्याचा वास असा, की काठावरच्या झाडावरचे सगळे कावळे पलीकडच्या तीराला गेले. मी हात जोडले. आत्याला सांभाळीन म्हणालो. गाडी विकणार नाही म्हणालो. हसनभाईला अंतर देणार नाही म्हणालो. कावळे पलीकडून नुसते बघत होते.

"काही इच्छा राहिली होती का त्यांची?" भटजींनी सूर्याकडे बघत विचारले.

दूर उभ्या असलेल्या हसनभाईने टोपी सारखी केली. "मास्तर, बॉनेटचं बोला."

"नाना," मी म्हणालो, "पुन्हा बॉनेटला हात लावणार नाही."

एक कावळा उडाला, सरळ आला आणि पिंडाला शिवला.

दहा दिवसांत मला रडू आले नव्हते, ते तेव्हा आले. भटजींना वाटले शोक, हसनभाईला वाटले धूर. (दोघांचेही बरोबर होते.) नानांचे एकच सांगणे मी जन्मात एकदा ऐकले, पण त्यासाठी त्यांना आधी मरावे लागले, मग जोड्यावाचून पुढच्या वाटेला लागावे लागले, आणि वर कावळ्याच्या हाती निरोप धाडावा लागला!