छाटलेला कान

"ह्याचा कान कुणी छाटला?"

"कसला कान, मामा?"

"अळंबीचा. माझं तोंड काय बघताय जावईबापू, खोडाकडे बघा. छाटल्या जागेवर फासलेला हा चिखल काय आपोआप वर चढला?"

जावई गळ्यात दोर अडकवून पाइनच्या बुंध्याशी उभा होता. झाड वखारीच्या छपरावर कललेलं. वर चढून शेंड्याकडून तुकडे करत उतरवायचं ठरलेलं, आणि चढणार जावई.

सासऱ्याला सगळे ठोक्या म्हणायचे. झाड असो की कलिंगड, ठोकून बघितल्याशिवाय ह्या बाबाचा कशावर भरवसा बसत नसे. लेक देताना त्यानं ह्याच जावयाला खोकायला लावून छाती ऐकली होती.

पाइन आतून सडायला लागला की खोडावर अळंबीचा कडक, तपकिरी कान फुटतो. कान तळहाताएवढा, पण आत सड पुरुषभर चढलेली असते. कान छाटून ती जात नाही, नुसती झाकली जाते.

ठोक्याचा पहिला संशय वखारवाल्यावर.

"शेठ, झाड निरोगी आहे म्हणालात."

"मला काय कळतंय झाडातलं? काल तुझा जावईच बघून गेला की!"

ठोक्यानं हळूच मान वळवली. जावई चांगली बसलेली गाठ सोडून पुन्हा मारत होता. ठोक्यानं त्याच्या कमरेची कुऱ्हाड उपसली, पात्यावर बोट फिरवलं. तपकिरी भुकटी.

"कान दिसला की तुम्ही झाड सोडता, मामा," जावई पुटपुटला. "हेही सोडलं असतंत. हात बांधून घरी किती बसायचं?"

"आणि तुम्ही वरून पडल्यावर पोरीला मी काय सांगायचं?"

ठोक्यानं खोडाला गिरमिट लावलं. आधी फिकट, कोरडा भुसा आला. जावयाचा चेहरा खुलला. मग गिरमिट एकदम लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं आणि तांबूस, पांढऱ्या ठिपक्यांचा ओलसर भुगा बाहेर पडला. जावयानं दोर गळ्यातून काढला.

"शेठ, छपराचे पत्रे उतरवावे लागतील. झाड खालूनच पाडायचं. वर कुणी चढणार नाही."

शेठ कुरकुरला, पण भुगा चिमटीत चुरडून बघितल्यावर त्यानं मान डोलावली.

"चढायची लई हौस ना? मग चढा छपरावर," ठोक्या जावयाला म्हणाला. "अन् पत्रे वाकवू नका."

जावई शिडी आणायला गेला. ठोक्यानं करवत मांडीवर घेतली आणि दातांना धार लावायला बसला.