आधी बेंचचा खाडा

न्हावऱ्याजवळ एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटार बसवत होतो, तेव्हा फोन आला. माझे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून त्या शेतकऱ्यानंच माझ्या खिशातला मोबाईल काढून कानाला लावला. "काका, मिलिंद बोलतोय. आप्पा गेले सकाळी." मी म्हणालो, "बरं." बरं! अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल, काही सांगता येत नाही. चार बोल्ट आवळायचे राहिले होते. शेतकऱ्याचा ऊस वाळत होता, त्याची मोटार अर्धी टाकून कसं जाणार? बोल्ट आवळले, पाणी पडल्याचं बघितलं, आणि तिथूनच दौंडची एसटी धरली. गाडीत बसल्यावर मग रडू आलं. शेजारची बाई विचारायला लागली, "कोण गेलं वो?" तिला काय सांगावं? नात्यातले नाहीत, जातीतले नाहीत, गावचेही नाहीत. "आमचे मॅनेजर," म्हणालो. ती म्हणाली, "कुठल्या कंपनीचं?"

दत्ता आप्पा कुठल्याच कंपनीचे मॅनेजर नव्हते. ते दौंडला रेल्वेत फिटर होते आणि ड्युटी सुटली की आमच्या हॉकी संघाचे सर्वेसर्वा. रेल्वेमुळं दौंडात हॉकी पूर्वीपासून रुजलेली. माझं शिरूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान, पण पोरवयात कुणाच्या तरी नादानं दौंडच्या मैदानावर गेलो आणि गोलकीपर झालो. गुडघे बोलायला लागल्यावर खेळ सुटला, मैदान सुटलं नाही. देणग्या गोळा करणं, चांगला खेळाडू हेरणं ही कामं माझ्याकडं आली. आमच्या नात्याला लोक मैत्री म्हणायचे. खरं सांगायचं तर ते एकच भांडण होतं आणि आम्ही दोघांनी ते वर्षानुवर्षं जिवापाड सांभाळलं.

भांडण असं, की संघाकडं पैसा कायम तुटपुंजा. तो एखाद्या नावाजलेल्या खेळाडूवर घालायचा, की बेंचवर बसणाऱ्या राखीव पोरांवर? आप्पांचा नियम दगडावरची रेघ होता. आमची निम्मी पोरं रोजंदारीवरची. कुणी पाटसला कारखान्याच्या सीझनला, कुणी कोरेगावच्या बाजूला हेल्परीला. मॅचसाठी कामाचा दिवस बुडाला, की त्याला खाडा म्हणतात. स्पर्धेत जो जो येईल त्याचा खाडा संघ भरून देणार, आणि तो आधी बेंचवरच्यांना. मग आत खेळलेल्यांना. आणि उरलंसुरलं तर मोठ्या खेळाडूला. संध्याकाळी मॅच संपली, की आप्पा मैदानाच्या कडेला फतकल मारून बसायचे आणि एकेकाला नावानं हाक मारायचे.

मला हे बघवायचं नाही. जगाची रीतच उलटी केलेली! एकदा मी पुण्याहून एक नामांकित सेंटर फॉरवर्ड आणला. गडी गाडीतून उतरला तेव्हा दोन स्टिका, गॉगल, सगळा थाट. मॅच जिंकून दिली त्यानं. आणि संध्याकाळी बघतो तर आप्पा पहिली हाक मारतायत न्हावऱ्याच्या किसनला. हा किसन दुधाच्या गाडीवर कामाला, आमचा राखीव हाफ. पाहुणा म्हणाला, "अहो, हा तर खेळलाच नाही!"

आप्पा म्हणाले, "न्हाई खेळला. पर त्याच्या वाटणीचं दूध आज दुसऱ्यानं गोळा केलं. त्याचं पैसं दुसऱ्याच्या घरी गेलं. तुम्ही जरा दम काढा."

पाहुणा पुन्हा आला नाही. मी आप्पांना नको नको ते बोललो. लोक मैदानावर नाव बघायला येतात, बेंच बघायला कोण येतो? देणगीदार पैसे देतो ते गोल मारणाऱ्याकडं बघून. आप्पा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "विलास, मे महिन्यात मुरमाच्या मैदानावर तुझं नाव पळत न्हाई, माणूस पळतो. आन् माणूस दमतो." त्यात तेव्हा नवे नियम आलेले. पूर्वी एकदा बाहेर काढलेला गडी परत आत घेता येत नसे, आता हवा तितक्यांदा बदला. आप्पांना तर घबाडच मिळालं. दर थोड्या वेळानं ते पोरं आतबाहेर करायचे. समोरचे दोन मोठे खेळाडू शेवटच्या दहा मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभे असायचे आणि आमचा किसन तहानलेल्या वासरासारखा धावत सुटलेला. असे कितीतरी सामने आम्ही काढले. हेही खरं, की गोल मारणारं कुणी नाही म्हणून असे कितीतरी घालवलेही. आता माणूस गेल्यावर त्याचं सगळं गोड म्हणायची पद्धत आहे, पण मला ते जमायचं नाही.

मग मिलिंद मोठा झाला. आप्पांचा एकुलता एक मुलगा. तो बॉल घेऊन निघाला, की रेल्वे क्वार्टरमधल्या बाया धुणं तसंच ठेवून बघत राहायच्या. आता बाहेरून कुणाला आणायची गरजच राहिली नाही. घरच्या गोठ्यातच दुभती गाय म्हटल्यावर काय हो! दोन-तीन मोसम आमचे सोन्यासारखे गेले. मिलिंदलाही आप्पा शेवटीच पैसे द्यायचे आणि तो हसून घ्यायचा. पण पोरगं विशी ओलांडतं, मित्र कुठं पोचले ते बघतं. पिंपरीच्या एका कंपनीच्या संघानं त्याला बोलावलं. दरमहा मानधन, पुढं नोकरीची आशा. मिलिंद घरी म्हणाला, "आप्पा, त्यांच्या निम्मं जरी दिलंत तरी मी जात नाय."

मी शिरूरचा एक कांदा व्यापारी गाठला. खूप बाबापुता केल्यावर त्यानं मोसमाचे पैसे एकरकमी द्यायचं कबूल केलं. मी उड्या मारतच दौंडला गेलो. त्या पैशात मिलिंद राहू शकत होता, मात्र मग सगळ्यांचा खाडा भरायला पैसे उरत नव्हते, बेंचवरची चार पोरं कमी करावी लागणार होती. आप्पांच्या घरी बसलो होतो, वहिनी चहा टाकत होत्या, मिलिंद दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी हिशेब मांडला. आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "चार पोरं घरी बसवून आपलं एक पोरगं घरात ठेवू व्हय?"

"ठेवा की!" मी ओरडलोच. "लोकांच्या पोरांसाठी स्वतःच्या पोरावर कसला सूड उगवताय? आजवर खेळाडू बाहेरचा होता म्हणून मी गप्प बसलो."

"बाहेरचा होता तवा तू कवा गप्प बसला व्हतास?" आप्पा म्हणाले. एरवी मी हसलो असतो. आत वहिनींनी स्टोव्ह बंद केला आणि चहा न गाळताच बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यो जायला निघालाय, आन् तुमी दोघं आपलं वाद घालत बसा." मिलिंद दोन दिवसांनी बॅग घेऊन गेला. स्टेशनवर मी पोचवायला गेलो, आप्पा ड्युटीवर होते. गाडी सुटताना पोरगं एवढंच म्हणालं, "काका, बाप असून माझी किंमत केली नाय त्यांनी." मलाही तेच वाटत होतं.

त्या वर्षी उपांत्य सामना आम्ही बेंचच्या जिवावर काढला. ऊन असं, की समोरचा संघ पाण्याच्या कळशीपाशीच घुटमळायला लागला, आणि आमची ताजी पोरं आत जात राहिली. अंतिम सामन्यात मात्र सगळा खेळ आमचा, बॉल सतत त्यांच्या गोलपाशी, आणि तो आत ढकलणारा पिंपरीला. एका गोलनं हरलो. व्यापाऱ्यानं पुढच्या वर्षी दार लावून घेतलं. मी आप्पांशी बोलणं टाकलं. शिरूर-दौंड एसटीकडं नुसतं बघितलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. पुढं दिवाळीच्या आसपास आप्पा स्वतः दुकानात आले, एक जळकी मोटार पुढं ठेवली आणि म्हणाले, "भर ही." मोटार आमच्या शेजारच्याच गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची होती, दौंडची नव्हेच. माझ्याकडं यायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून येताना गिरणीवाल्याकडून मागून आणलेली! कुणाला हसू आवरेल?

मिलिंद पिंपरीला खूप गाजला. त्याचं नाव पेपरात यायचं, आप्पा तो पेपर लोको शेडमध्ये सगळ्यांना दाखवायचे. घरी मात्र बापलेकांचं बोलणं कामापुरतं. मग त्याचा गुडघा गेला. कंपनीनं एक मोसम बाहेर बसवलं, त्या मोसमाचं मानधनही नाही. जो मैदानात नाही त्याला पैसा नाही, असा तिथला चोख कारभार. नोकरीचं बोलणं कुणी परत काढलं नाही. पोरगं दौंडला परत आलं, ते खाली मान घालूनच.

मला वाटलं, आता आप्पा एखादा शब्द तरी बोलतील. पण ते स्पर्धा आली तेव्हा म्हणाले, "येतोस काय?" गुडघ्याला पट्टा बांधून मिलिंद आला. आप्पांनी त्याला बेंचवर बसवलं, पूर्ण मॅच. संध्याकाळी आप्पा नेहमीसारखे खाली बसले आणि पहिली हाक मारली, "मिलिंद!"

तो जागचा हलला नाही. "आप्पा, मी कुठं कामावर जातोय? माझा कसला खाडा?"

"दिसभर बसला व्हतास ना तयारीत?"

"बसलो होतो. पण उपयोग काय झाला?"

"त्ये मला इचारू नको. घरी परत आलास म्हणून देत न्हाई ह्ये. उद्या सकाळी परत मैदानात यायचंस, म्हणून देतोय."

मिलिंदनं पैसे घेतले आणि तिथंच, सगळ्या पोरांसमोर, ढसाढसा रडला. किसननं त्याला धरलं. मी तोंड फिरवलं, कारण मलाही आवरत नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मी इतकी वर्षं ज्याला आप्पांचा भाबडेपणा म्हणत होतो, तो माणूस टिकवायचा एक पक्का विचार होता. मोठा खेळाडू आजच्या मॅचसाठी असतो, बेंच उद्यासाठी असतं. पण म्हणून पोराला जाऊ दिलं ते बरोबर होतं का? आजही मला नाही वाटत. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर करायचं काय, हे मला कुणी सांगितलेलं नाही…

आप्पा आजारी पडले, तेव्हा शेवटचं हेच विचारलं त्यांना. दवाखान्यात उशाशी बसलो होतो, बोलायचं म्हणून बोलत होतो, आणि राहवलं नाही. "आप्पा, खरं सांगा. तेव्हा मिलिंदला ठेवून घ्यायला पाहिजे होतं की नाही?"

त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "पाह्यजे व्हतं… रोज वाटायचं. पर त्ये पैसं त्या चौघांचं व्हतं, विलास." आणि डोळ्यातून पाणी आलं. मी ते माझ्या रुमालानं पुसलं. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो त्या माणसाचा इतका राग, इतकी माया, एकाच वेळी मला कधी वाटली नव्हती.

गेल्या आठवड्यात पहिली स्पर्धा झाली, आप्पांशिवाय. वहिनींनी दारातूनच सगळ्या पोरांना "जा, खेळा" म्हणून सांगितलं. आता सगळं मिलिंद बघतो. मी सकाळी गेलो, एका बाजूला उभा राहिलो. कशातच लक्ष लागेना, जिंकलो का हरलो तेही धड कळलं नाही. मनात म्हणत होतो, आता कशाला यायचं इथं? भांडायला माणूसच उरला नाही. हीच शेवटची खेप.

मॅच संपली. मिलिंद कडेला खाली बसला. पोरं गोळा झाली. त्यानं वर बघितलं आणि पहिली हाक मारली, "विलासकाका!"

मला वाटलं काही उचलायला, धरायला बोलावतोय. जवळ गेलो तर त्यानं पैसे पुढं केले. "तुमचा खाडा."

मी भडकलोच. "अरे, डोकं फिरलं का तुझं? मी काय खेळाडू आहे?"

"दुकान बंद ठेवूनच आलाय ना?" तो म्हणाला. "आप्पांनी सांगून ठेवलंय. मी गेल्यावर विलास यायचा बंद होईल, पहिली हाक त्याला मार म्हणून."

पोरं बघत होती. किसन हसत होता, त्याचे डोळे मात्र भरलेले. मी पैसे घेतले. मग जरा रागावल्यासारखंच विचारलं, "उद्या मॅच किती वाजता आहे रे?"