काळुरामचा पाण्याचा डबा

काळुरामच्या बापाने खाडीकाठच्या मिठागरात जन्मभर पाणी आटवलं. काळुराम डोंबिवलीच्या आमच्या कारखान्यात सतरा वर्षं पाणी ओतत होता. "बापानं आटवलेला मी परत देतो," म्हणायचा.

त्याचं काम फिल्टरवर. कोळशाच्या पुडीवर पॅलेडियम धातू बसवलेला, क्रिया घडवणारा कॅटॅलिस्ट असायचा. बॅच संपली की ती काळी पूड जाड सुती कापडातून गाळून काढायची. ही पूड वाळली की आपोआप पेटते, काडी लागत नाही. म्हणून काळुरामच्या हाताशी पाण्याने भरलेला डबा असे, आणि उतरवलेलं प्रत्येक कापड थेट पाण्याच्या पिंपात जाई. मी तेव्हा नवा केमिस्ट. त्याला चिडवायचो, "काका, लेकीच्या लग्नातही डबा नेलेला म्हणे?"

"नेलेला. मांडव पेटला काय?"

शहाण्णवच्या मार्चमध्ये आमच्या डॉक्टरसाहेबांनी (पीएचडीवाले, सुईवाले नव्हेत) नवा कॅटॅलिस्ट आणला. प्लॅस्टिकचे बारीक गोळे, प्रत्येकावर ब्रशसारखे केस उगवलेले, आणि त्या केसांत पॅलेडियमचे कण धरलेले. केस डोळ्यांना दिसायचे नाहीत, पण डॉक्टर इतक्या मायेने सांगायचे की आम्हाला दिसायला लागले. "केसांत धरलेला धातू सुटत नाही. गाळा, धुवा, परत वापरा. कापडावर काही येत नाही, तेव्हा पाणीबिणी बंद." पिंप बागेत गेलं.

खरंच, कापड पांढरंशुभ्र निघायचं. टाकून द्यायला जीव होईना. सोमवारी संध्याकाळी पहिलं कापड मी पिशवीत घालून कल्याणच्या खोलीवर नेलेलं, पडद्यासाठी. मंगळवारी सकाळी ते तसंच ओलं खिडकीत टांगून कामावर आलो.

मंगळवारी दुसरं निघालं ते काळुरामने मागून घेतलं. त्याची लेक लक्ष्मी बाळंतपणाला आलेली, पोर नुकतंच झालेलं. पोराची पहिली झोळी आजोळच्या कापडाची, अशी त्यांच्या गावातली रीत.

"काका, डॉक्टरांवर विश्वास बसला वाटतं?"

"कापड चांगला हाय रं. पांढरा पन हाय."

शीळ रस्त्यावरचं त्याचं गाव सायकलने दहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत त्याने कापड घरी दोरीवर घातलं आणि दीडला परत आला. दोनला तो पुढच्या बॅचचे गोळे धूत होता. मध्येच थांबला आणि तळहात माझ्यापुढे धरला. हातावरच्या रेषांत बारीक काळं भरलं होतं.

"याचे केस गळतान," तो हळू म्हणाला.

शेजारी उभे डॉक्टर हसले. "घासलं की थोडं निघायचंच. आणि घरी जायला आत्ता गेटपास मिळणार नाही."

तोवर काळुराम सायकलवर होता. मी मागे कॅरिअरवर बसलो.  

अंगणातली दोरी रिकामी होती.

लक्ष्मी ओटीवर झोळीला झोका देत होती. "बाबा, लगेच वाळला बघा. अजून गरम गरम हाय. कसा निजलाय."

ओटीवर ऊन नव्हतं.  काळुरामने झोळीत हात घातला, पोर अलगद उचलून तिच्या कडेवर दिलं, मग कापड सोडून हौदात दाबलं. चर्रर्र झालं. कापडाच्या तळाशी चहा सांडल्यासारखा डाग होता, मधोमध भोक.

"चहा सांडलावता काय?" लक्ष्मीने विचारलं. पोराच्या पाठीवरून तिचा हात फिरला, तिथे अंगडं तपकिरी पडलं होतं. तिने पोर छातीशी घट्ट धरलं.

काळुराम पायरीवर बसला.  म्हणाला, "आनखी कोनी नेला?"

माझा हात खिशात गेला. किल्ली होती. कल्याणच्या त्या खिडकीखाली माझा स्टोव्ह, शेजारी रॉकेलचा कॅन. आणि लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे घरमालकीण भागीरथीबाई, जिला दुपारी आतून कडी लावून नातवंडांसकट झोपायची सवय.

मी सांगितलं. काळुरामने घरातला डबा हौदात बुडवून भरला, झाकण ठोकलं, हँडलला अडकवला.

"बस मागं," तो म्हणाला.

कल्याणला पोचल्यावर एका डब्याने काय होणार, असं माझ्या ओठांवर आलेलं. मी खिशातली किल्ली मुठीत धरून मागे बसलो.