लॅमिनेट केलेलं शिफारसपत्र

हे मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ओतूरच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावरून जाताना मी मान खाली घालतो.

दुकानदाराला लॅमिनेशनचा भारी नाद. रेशनकार्ड असो की लग्नपत्रिका, हातात आली की म्हणणार, "भाऊ, मारू का लॅमिनेशन? पाणी पडलं तरी काय व्हनार न्हाई."

त्याची पोरगी आमच्या शाळेत बारावीला होती. तिनं एका नामांकित विद्यापीठाचा फॉर्म भरला. फॉर्म मोठा उदार होता. घोडेस्वारी, पियानो, परदेशातलं शिबिर, सगळ्याला रकाना होता. पहाटे गोठा उरकून शाळेत येण्याला तेवढा नव्हता. ती उणीव शिक्षकाच्या शिफारसपत्रानं भरून काढायची होती. तो शिक्षक मी.

फळ्यावरचं माझं गणित तिनं दोनदा सुधारलं होतं. तेच लिहायला हवं होतं. पण मला ते झोंबलं होतं, म्हणून मी जुन्याच पत्रात फक्त नाव बदललं: 'आज्ञाधारक, नियमित, मनमिळाऊ.' माझ्या मुलासाठी त्याच्या पुण्यातल्या शाळेनं दोन पानं लिहिली, ती मात्र मी तीनदा वाचून सुधारून घेतली.

तिला नकार आला. बापानं माझ्या पत्राची झेरॉक्स लॅमिनेट करून दुकानात लावली.

"सर, त्यांनी न्हाई घेतली तर न्हाई. तुमी लई चांगलं लिवलं व्हतं."

ती यंदा पुन्हा फॉर्म भरतेय. तिच्याबद्दलचं एक खरं पान मी अजून देणं लागतो.