मोजणीबाईंची थोरली

कुठल्या वाडीला वीज नेणं परवडेल, हे बघायचं काम आमच्या मोजणीबाईंचं. हे नाव गावकऱ्यांनीच पाडलेलं. वीज हवी का, असं त्या कुणाला विचारायच्या नाहीत. "फुकट ते पौष्टिक, नको कोण म्हणेल?" त्या फक्त राहती घरं मोजायच्या. पुरेशी भरली तरच खांब. मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि त्यांच्या नजरेला मीही जरा टरकूनच असायचो.

एकदा डोंगरापलीकडची वाडी वाट्याला आली. तिथे बाईंची थोरली बहीण राहायची, एकटी, मुलगा शहरात. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं बाईंनी साहेबांना सांगून पाहिलं. पण दुसरं होतंच कोण?

आम्ही पोचलो तर वाडी गजबजलेली. बंद घरं उघडलेली, चुली पेटलेल्या, अंगणात माणसं. बाई एका म्हाताऱ्यापुढे थांबल्या.

"काका, तुम्ही नदीकाठच्या वाडीत राहता ना? गेल्याच आठवड्यात मोजलंय मी तुम्हाला तिथे."

काका ओशाळले. "पाहुणा म्हणून आलोय. पण पाहुणाही माणूसच की."

सगळे हसले, बाईसुद्धा. मग उसनी माणसं एकेक करून निघाली. मागे जेमतेम मूठभर उरली. ही युक्ती थोरलीचीच होती.

ती स्वयंपाकघरात बसली होती. "रागावलीस?"

"नाही गं. पण ताई, आता मी लिहू काय?" मग बाईंनी विचारलं, "तारा आल्या तर मुलगा परत येईल?"

सकाळपासून बेधडक उसनी माणसं उभी करणारी थोरली इथे अडली. "परत नाही यायचा. पण आला की उकाड्यानं दुसऱ्याच दिवशी सामान आवरतो. पंखा असला तर चार दिवस राहील."

मला थोरलीचं वाईट वाटलं, बाईंचं त्याहून जास्त. चार घरं वाढवून लिहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं? बाईंनी वाढवली नाहीत. खांब मोजकेच, इकडे आले असते तर एखादी भरलेली वाडी अंधारात राहिली असती.

तारा ओढणं परवडणार नाही, असं त्यांनी लिहिलं. राहत्या घरांना सौर संच द्यावा, पंखा चालेल एवढा मोठा. साहेबांनी नेमकं पंख्यावर बोट ठेवलं. दिवे पुरेत, म्हणाले.

बाईंनी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "दिव्याखाली ती एकटीच बसणार आहे, साहेब."